एटीआरची कमांड सोडून एअरबसच्या उजव्या सीटवर : माझा अनुभव

आपल्या भागातली बरीच पोरं आता फ्लाइंगमधे आलीत, लातूर नांदेड परभणी बीड सगळीकडची, आणि त्यातल्या कुणालाही दुसऱ्या कंपनीची ऑफर आली की मला फोन येतो, दादा तुम्ही बदलली ना कंपनी, पगार किती वाढला? पगाराचं उत्तर एका ओळीत संपतं. बाकीचं फोनवर नीट सांगणं होत नाही म्हणून इथं लिहायलोय, जरा लांबेल.

मी उदगीर तालुक्यातला. अण्णा झेडपीचे मास्तर होते, आता रिटायर. सीपीएलसाठी, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी, लोन काढलं तेव्हा उदगीरचं घर तारण ठेवलं, हप्ते अजून चालूच आहेत. नोकरी लागली ती एका छोट्या रिजनल कंपनीत, एटीआर ७२ या प्रोपेलरच्या विमानावर फर्स्ट ऑफिसर (एफओ, उजव्या सीटवरचा सहवैमानिक) म्हणून, बेस चेन्नई. टाईप रेटिंगचा, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचा, खर्च कंपनीने केला आणि त्याबदल्यात ठराविक काळ सोडून जायचं नाही असा बाँड लिहून घेतला. एटीआरवर जे शिकायला मिळतं ते मी कधीच कमी लेखणार नाही. छोटे रनवे, दिवसात चार चार सेक्टर म्हणजे उड्डाणं, आणि पावसाळ्यात ढगांच्या वरून जायची सोय नाही कारण २५ हजार फुटांच्या वर ते विमान जातच नाही, मग रडार बघत बघत वाट काढायची. हात बसतो माणसाचा.

माझे १५०० तास झाले, एटीपीएलचे, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सचे, पेपर आधीच काढून ठेवले होते, नेव्हिगेशन, मेट (हवामान) आणि रेडिओ एड्स, त्यामुळे एटीपीएल हातात आलं आणि कंपनीच्या कमांड अपग्रेडच्या पुढच्या बॅचमधे माझं नाव लागायच्या गोष्टी सुरू झाल्या. लेफ्ट सीट, चार पट्ट्या, म्हणजे कॅप्टन. आणि नेमकं त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीने एटीआरवाल्या एफओंसाठी ए३२० ची, म्हणजे एअरबसच्या जेट विमानाची, भरती काढली. मी अर्ज टाकला, टेक्निकल पेपर झाला, सायकोमेट्रिक झाली, सिम (सिम्युलेटर) असेसमेंट झालं, इंटरव्ह्यू झाला आणि ऑफर लेटर आलं. म्हणजे एकीकडे छोट्या कंपनीत कॅप्टन व्हायचं, दुसरीकडे मोठ्या कंपनीत परत उजव्या सीटवर बसून पहिल्यापासून सुरुवात करायची.

आता इथं एक गोष्ट आहे जी बहुतेक पोरांना माहितच नसते. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, २०१७ चा नियम आहे, फर्स्ट ऑफिसरला नोटीस पीरियड ६ महिने आणि कमांडरला (कॅप्टनला) १ वर्ष. तुमच्या कंपनीने एनओसी दिल्याशिवाय दुसरी कंपनी तुम्हाला घेऊ शकत नाही. कंपनीने स्वतःहून राजीनामा लवकर मंजूर करून एनओसी दिली तर मुदत कमी होते, पण ते सगळं त्यांच्या हातात. म्हणजे मी अपग्रेड घेतलं असतं तर ज्या दिवशी कमांडर झालो त्या दिवशी माझी नोटीस डबल झाली असती, आणि वरून कमांड ट्रेनिंगचा नवीन बाँड. नवीन कंपनी ६ महिने थांबायला तयार होती. एक वर्ष कोण थांबणार? त्यामुळे आधी कॅप्टन होऊ आणि मग जाऊ हा जो सगळ्यांना सोपा वाटणारा रस्ता आहे तो खरं तर रस्ताच नव्हता, जायचं असेल तर अपग्रेडच्या कागदावर सही करायच्या आधीच जायला लागणार होतं.

नोटीस न देता निघून जायचा विचार कुणी करत असेल तर तो डोक्यातून काढा. २०२३ मधे अकासा एअरचे ४३ पायलट नोटीस पूर्ण न करता गेले, कंपनीला विमानं रद्द करावी लागली आणि मामला थेट मुंबई हायकोर्टात गेला. आपल्यासारख्याला, ज्याचं घर बँकेकडे आहे, कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत.

दुसरी मोठी गोष्ट सिनियॉरिटी. पायलटचं सगळं आयुष्य त्या यादीवर चालतं, कमांडची बॅच, बेस बदलून मिळणं, रजा, सगळं. आणि कंपनी बदलली की तुम्ही तिथल्या यादीत सगळ्यात खाली, मागं कितीही तास असोत. मला वाटत होतं घरी हे समजावून सांगायला अवघड जाईल, पण अण्णांना दोन मिनिटात समजलं कारण त्यांनी स्वतः तेच केलेलं. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी रायगड जिल्ह्यात काढली, मग आंतरजिल्हा बदली करून लातूर जिल्ह्यात आले, आणि अशा बदलीत नवीन जिल्ह्यात सेवाज्येष्ठता शून्यापासून धरतात. त्यांच्या बरोबरचे तिकडं कधीच मुख्याध्यापक झाले, अण्णा इकडं किती तरी वर्षं वर्गावरच राहिले. मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं नंबर कितवा लागतोय ते सोड, तुझ्या मागून माणसं किती येणार हाईत ते सांग की." इतक्या कॅप्टन लोकांशी बोललो होतो, पण इतका नेमका प्रश्न कुणीच विचारला नव्हता. यादीत शेवटचा असणं वाईट नाही, शेवटचाच राहणं वाईट. ज्या कंपनीची विमानं वाढतात तिथं मागून भरती होत राहते आणि तुम्ही आपोआप वर सरकता, जिथं विमानं तेवढीच तिथं वरचा माणूस रिटायर होईपर्यंत किंवा सोडून जाईपर्यंत काही हलत नाही.

म्हणून मग मी पगार बाजूला ठेवून फ्लीट बघायला लागलो. २०२३ मधे एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी इंडिगोने ५०० ची, म्हणजे जेटच्या बाजूला वर्षानुवर्षं पायलट लागणार हे स्पष्ट होतं. आमच्या कंपनीत मोजकी एटीआर, नवीन विमानांच्या नुसत्याच गोष्टी.

आणि छोटी कंपनी बंद पडली तर? नांदेडकरांना हे सांगायला नको. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेत नांदेड हैदराबाद विमान सुरू झालं, ट्रूजेटचं एटीआर, आमच्या घरातली कितीतरी माणसं त्यात बसली. २०२२ मधे ट्रूजेटची उड्डाणं थांबली ती थांबलीच. अर्थात मोठ्याही पडतात हेही खरंय, किंगफिशर २०१२ ला, जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. जेट एअरवेजचे पगार आधी कित्येक महिने थकले होते आणि तरी लोक थांबले होते, कारण वरचा नंबर सोडवत नव्हता. सिनियॉरिटी ही त्या कंपनीपुरतीच असते, कंपनी गेली की त्या नंबरला बाहेर काहीच किंमत नाही. म्हणून पगार वेळेवर होतो का, भाड्याने घेतलेली विमानं मालक परत न्यायला लागलेत का, इंजिनाविना किती विमानं उभी आहेत, हे बघायलाच पाहिजे. पगार लांबायला लागला की मागच्या कंपन्यांचा इतिहास आठवावा.

आता पगार. ऑफर लेटरमधे जो वर्षाचा आकडा मोठ्या अक्षरात असतो त्यावर जाऊ नका, आधी बघा की फिक्स रक्कम किती तासांसाठी आहे. विस्तारा एअरलाईनमधे २०२४ ला नेमकं यावरूनच बिनसलं, आधी ७० तासांचा पगार पक्का असायचा, नवीन करारात तो ४० तासांवर आला, पायलट नाराज झाले आणि एप्रिलमधे विमानं रद्द व्हायला लागली. तुम्ही उडालात तर फरक जाणवत नाही. पण ट्रेनिंगमधे बसलात, आजारी पडलात, मेडिकलमधे टेम्पररी अनफिट झालात, विमान उभं राहिलं, की ते ४० आणि ७० मधलं अंतर थेट हप्त्याला लागतं. मी एचआरच्या मॅडमना मेलवर लेखी विचारलं, टाईप रेटिंगच्या काळात किती मिळणार, लाईन रिलीज (ट्रेनरशिवाय नेहमीच्या फ्लाईटवर सोडणं) होईपर्यंत किती, बाँड कुठल्या तारखेपासून मोजणार, मधेच सोडलं तर पूर्ण रक्कम का उरलेल्या महिन्यांची. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली, कंटाळा केला नाही. ज्या कंपनीत एवढं विचारलं म्हणून राग येतो तिथं जाऊच नये असं माझं मत आहे.

बेस हा माझ्यासाठी पगाराइतकाच मोठा मुद्दा होता, हैदराबाद. मुंबई पुण्याच्या पोरांना हे कळणार नाही, पण उदगीरहून बीदरमार्गे हैदराबाद म्हणजे चार पाच तासांचा रस्ता, आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेऊन संध्याकाळी परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी करायची हे जमतं. चेन्नईहून घरी यायचं म्हणजे आठवड्याची सुट्टी रस्त्यातच संपायची. पायलटांच्या ड्युटीच्या नव्या नियमांनी १ जुलै २०२५ पासून आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तासांची झाली ही आम्हा पायलटांसाठी फार मोठी गोष्ट आहे, पण ते ४८ तास कुठं घालवायला मिळतात हे बेसवर ठरतं. त्याच नियमांचा दुसरा टप्पा, रात्रीची लँडिंग ६ वरून २ वर आणणारा, नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि डिसेंबरमधे इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. लोकांना खूप त्रास झाला, मला त्यांचं वाईट वाटतं. पण थकलेला माणूस कॉकपिटमधे बसू नये हेही तितकंच मनापासून सांगतो.

माझे एक सिनियर कॅप्टन, ज्यांना मी फार मानतो, ते माझ्या विरोधात होते. त्यांचं म्हणणं, अरे पी-वनचे (कॅप्टन म्हणून उडवलेले) तास ते पी-वनचे तास, डाव्या सीटवर बसून स्वतः निर्णय घ्यायला लागलास की तू वेगळा माणूस होशील, उजव्या सीटवर आणखी कित्येक वर्षं घालवू नकोस. त्यांचं चुकीचं नाही. ज्याला एटीआरवरच राहायचंय, किंवा घरी म्हातारं माणूस एकटं आहे आणि बेस घरच्याजवळचा आहे, त्याने कमांड घ्यावी असंच मी पण सांगेन. पण मोठ्या कंपन्यांच्या डायरेक्ट कॅप्टनच्या जाहिराती नीट वाचल्या तर बहुतेक ठिकाणी त्याच टाईपवरचे पी-वन तास मागतात. एटीआरचा कॅप्टन जेटवर आला तर बहुतेक वेळा परत एफओच होतो, फक्त वय वाढलेलं असतं. मी ते सरांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले मग जा, पण नोटीसमधे एकही फ्लाईट टाळू नको.

आणि तसंच केलं. राजीनामा मेलवर दिला आणि त्याची पोच मागितली, जी यायला फार वेळ लागला, सारखं विचारावं लागलं. पोचेशिवाय राहू नका कारण ६ महिने कुठल्या तारखेपासून धरायचे हा वाद शेवटी तिथंच येतो. नियमात असंही आहे की नोटीसच्या काळात पायलटने दिलेली ड्युटी नाकारायची नाही आणि कंपनीनेही त्याचे हक्क काढून घ्यायचे नाहीत. अपग्रेडच्या यादीतून नाव गेलं, ते जाणारच होतं. रोस्टर थोडं जड झालं, पहाटेच्या ड्युट्या वाढल्या, मी बोललो नाही. क्लास वन मेडिकल आणि प्रोफिशियन्सी चेक (ठराविक काळाने होणारी उडवण्याची परीक्षा) दोन्ही चालू राहतील असं बघितलं, कारण नेमकं जॉइनिंगच्या वेळी एखादा कागद संपलेला असला की पुढची बॅच गाठावी लागते. बाँड नोटीसच्या काळातच पूर्ण झाला, त्याचं नो ड्यूज लेखी घेतलं. एनओसी शेवटच्या आठवड्यात हातात पडली. तोपर्यंत झोप नव्हती, खरं सांगतो.

मग टाईप रेटिंग. ग्राउंड स्कूल, सिस्टिम्स, परफॉर्मन्स, पेपर, मग सिम. एटीआरवाल्याला एअरबस जड का जातं ते सांगतो. एटीआरला पॉवर कमी केली की प्रोपेलरच विमानाला आवरतं, उंची आणि वेग दोन्ही पटकन उतरतात. ए३२० उतरायला लागलं की वेग उतरत नाही, वेग उतरवायचा तर उतरणं थांबतं, त्यामुळे डिसेंटचा विचार कितीतरी मैल आधी करायला लागतो. दुसरं म्हणजे ऑटोथ्रस्टमधे, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप कमीजास्त होत असते तेव्हा, थ्रस्ट लिव्हर हलतच नाहीत, हाताला काही कळत नाही, सगळं समोर एफएमएवर (स्क्रीनवरच्या मोड दाखवणाऱ्या पट्टीवर) वाचायचं आणि मोठ्याने म्हणायचं. माझी सवय हाताने समजून घ्यायची होती, ती डोळ्यांवर आणायला बरीच सिम सेशन गेली. पण क्रॉसविंड, रडर, खराब हवेतली अॅप्रोच, तिथं एटीआरने जे दिलं होतं ते कामाला आलं आणि इन्स्ट्रक्टरनी ते बोलून पण दाखवलं. स्किल टेस्ट झाली, ईजीसीएवर (डीजीसीएच्या पोर्टलवर) फाईल गेली, लायसन्सवर एंडोर्समेंट आलं, पुढं लाईन ट्रेनिंग, आणि रिलीज.

सध्या हैदराबाद बेसला आहे. जुन्या बॅचमधले दोघं तिकडं कॅप्टन झालेत आणि खूश आहेत, आम्ही बोलतो. इकडं माझ्या खाली यादीत नवीन बॅचेस आल्यात आणि येताहेत, अण्णा दर वेळी फोनवर तेच विचारतात. माझी कमांड कधी, तर ट्रेनिंगवाले तारीख देत नाहीत, विमानं किती वेगाने येतात त्यावर आहे. तोपर्यंत जेटचे तास जमवायचे, आणि हा नवीन बाँड पूर्ण होईपर्यंत कुणाच्याही ऑफरकडे बघायचं नाही असं घरात बोलून झालंय.