काजूची खाज आणि पोदेराचा पाव

मे अखेर, रात्री

काजू आत्ता माझ्या पायाशी बसून पुढचा उजवा पाय चाटतोय, चप चप चप, आणि हा आवाज रात्री ऐकला की माझ्याच अंगाला खाज सुटते. गावठी कुत्राच आहे तो, पांढरा, पाठीवर तांबूस ठिपके. सासूबाईंचं म्हणणं की अगो मातीने लाल झालेत पाय, इथे गोव्यात, पेडण्यात, कुणाचे पाय लाल नसतात! म्हणून आज साबण लावून चांगले घासले, माती गेली, पण बोटांच्या बेचक्यातला विटकरी रंग जसाच्या तसा. तो लाळेचा डाग. सारखं एकाच जागी चाटत राहिलं की लाळेतल्या रंगद्रव्यामुळे पांढरे केस असे विटकरी होतात, डॉक्टरांनी बोटं फाकवून दाखवलं तेव्हा आतली कातडी गुलाबी, ओलसर, आणि आंबूस वास. कानातही तेच.

डॉक्टर आहार वगैरे बोलायच्या आधी पिसवांवर आले. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर खाज असेल तर आधी पिसवा बघायच्या, काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच अ‍ॅलर्जी असते आणि मोजके चावे पण पुरतात. पाय, कान, पोट, काखा अशी खाज असेल तर धूळ, बुरशी, परागकण नाहीतर खाणं. काजूची खाज दुसऱ्या प्रकारची, आणि जानेवारीत पण होती, तेव्हा ना पाऊस ना दमट हवा. बारा महिने खाज म्हटल्यावर खाण्याचा संशय घ्यायचाच म्हणाले. तरीपण पिसवा-गोचिडीचं औषध आधी, नाहीतर नंतर कशाने बरं वाटलं ते कळणारच नाही.

रक्ताची टेस्ट करून टाकूया का विचारलं. तर खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी त्या टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही म्हणे, पैसे ठेवा आणि मटण आणा.

जून, पाऊस लागला

तर मटण. गोष्ट अशी की किमान आठ आठवडे त्याला फक्त असं काहीतरी द्यायचं जे त्याने जन्मात खाल्लेलं नाही, एक प्रोटीन आणि एक पिष्टमय. इंटरनेटवर जो तो सांगतो की मासे द्या, मासे कुत्र्यांना नवीन असतात. अरे बाबांनो गोव्यात या! हा कुत्रा बांगड्याच्या डोक्यांवर वाढलाय. भात पण बाद, पेज पिऊनच मोठा झाला. चिकन बाद, अंडं बाद. वहीत त्याने आजवर काय काय खाल्लंय त्याची यादी करायला बसलो आणि घरातल्या प्रत्येकाने हळूच एकेक भर घातली, दहीभात, मारी बिस्किट, आइस्क्रीमची वाटी, शेजारच्या काकीकडची खिमट, आणि पाव. पाव तर रोजचा. शेवटी सापडलं काय तर बकऱ्याचं मटण, कारण ते आमच्याकडे इतकं क्वचित येतं की कुत्र्यापर्यंत पोचतच नाही, आणि रताळं. विकत मिळणारा डॉक्टरी आहार पण असतो, त्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखू येत नाही, पण त्याची किंमत ऐकून नवरा म्हणाला आपण मटणच बघू.

तर आता रोज सकाळी मटण उकडायचं, मीठ नाही, हळद नाही, कांदा तर नाहीच नाही (कांदा-लसूण कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फोडतात, हे माहीत नसलेले लोक अजून आमटी कालवून घालतात), हाडं काढून टाकायची, रताळं कुस्करायचं. घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं म्हणून डॉक्टरांनी बिनवासाची पावडर दिलीय. जंताची चघळायची गोळी पण बिनचवीची मागून घेतली, कारण त्या चवीत चिकन, बीफ काहीही असू शकतं.

सल्ल्यांचा मात्र पाऊस. खोबरेल लाव, हळद घाल, कडुनिंबाचा पाला उकळ, ऑफिसातल्या एकीने तर अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. खोबरेल काकीने माझ्या नकळत चोळलं, त्याने ते सगळं चाटून साफ केलं आणि पुढे दोन दिवस अंगणात काय झालं ते लिहीत नाही. प्रत्येकाचं एकच, नॅचरल आहे गो, काय होणार नाही. मनुका पण नॅचरल आहेत, कुत्र्याच्या किडन्या बंद पाडतात.

जून, एका रविवारी

कुत्र्याला पथ्यावर ठेवणं कठीण नाही. माणसांना ठेवणं कठीण आहे.

सकाळी पोदेराचा, म्हणजे घरोघर पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजला की काजू आधी गेटवर. पोदेर सायकल थांबवतो, टोपलीवरचं निळं प्लास्टिक उचलतो, आमचे उंडे आणि पोळ्या (हे पण पावच) पिशवीत टाकतो आणि मग काजूसाठी एक कांकण, म्हणजे बांगडीसारखा कडक पाव, मोडतो, हे गेली कित्येक वर्षं चाललंय, ह्या दोघांचं मैत्र माझ्या आणि काजूच्या मैत्रापेक्षा जुनं आहे. आज मी गेटवर उभी राहून सांगितलं की भाऊ दोन महिने ह्याला काही देऊ नका, दवा चालू आहे. तर त्यांचा चेहरा बघवेना. "एवढासा तुकडा पण नको?" एवढासा तुकडाच नको, हेच तर सगळं आहे, एका तुकड्याने पण मागचे सगळे आठवडे पाण्यात जाऊ शकतात. त्यांनी मान हलवली आणि कांकण परत टोपलीत ठेवलं. काजू कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत बसला. मग सासूबाई आतून, बिचारा, मारीचं अर्ध बिस्किट दिलं तर चालेल ना. नाही चालणार आई. मारी पण गव्हाचीच.

एक बरं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, ६१ दिवस. त्यामुळे घरात मासे तसेही कमी, सुकं खारं काय ते, आणि काजू टेबलाखाली येऊन बसला तरी कुणाच्या हातून काटा सुटत नाही.

जुलै, धो धो

पायाचा आवाज कमी झालाय. आधी मला वाटलं मीच गाढ झोपतेय, पण नवऱ्याने पण विचारलं, हल्ली चाटत नाही का हा. बेचक्यातला रंग अजून आहे, तो नवीन केस आल्याशिवाय जाणार नाही, पण मुळाशी पांढरं दिसायला लागलंय, नखाच्या बाजूला एक बारीक पांढरी कड. आणि हे भर पावसात, भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी, म्हणजे धुळीतल्या बारीक किड्यांना आणि बुरशीला सगळ्यात सोयीचे दिवस. एरवी ह्याच दिवसांत त्याचं वाढायचं. तरी कमी झालं, म्हणजे खाण्यात काहीतरी होतंच. पूर्ण गेलं नाही, डावा कान अजून झटकतो, बाहेरून आला की पाय पुसून बोटांमध्ये कोरडं करावं लागतं.

डॉक्टर म्हणाले खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊ कुत्र्यांना आठ आठवड्यांत फरक दिसतो, आता उलटं जायचं, एकेक जुनं खाणं परत द्यायचं, प्रत्येकाला दोन आठवडेपर्यंत बघायचं. हा भाग लोक करतच नाहीत, बरं वाटलं की थांबतात, आणि मग जन्मभर कुत्रा मटण-रताळ्यावर आणि मालक कर्जावर.

ऑगस्ट

भात, काही नाही. चिकन, मी तर वाटच बघत बसले होते कारण ज्याला त्याला विचारा, चिकनमुळेच असतं म्हणतात, काही नाही! मी २०१६ चा एक अभ्यास वाचला, अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांचा हिशोब होता, त्यात बीफ ३४ टक्के, दूधदुभतं १७, चिकन १५ आणि गहू १३. म्हणजे चिकन आहे पण एकटं नाही.

मग पाव. पोदेराला मीच सांगितलं, आज द्या. त्यांनी अख्खं कांकण दिलं आणि काजूने न चावता गिळलं. दुसऱ्या दिवशी पण दिलं. तिसऱ्या दिवशी रात्री परत चप चप चप, सकाळी पोटावर पुरळ, कान लाल. सासूबाईंनी स्वतः उठून टॉर्च धरून बघितलं, आणि काही न बोलता बिस्किटांचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवला. तेव्हापासून काकीला त्याच ओरडतात.

पाव बंद केल्यावर आठवड्याभरात परत शांत. पोदेराला सांगायला गेले तर म्हणाले, मग ह्याला काय देऊ मी? आता मी गेटच्या खांबावर उकडलेल्या चिकनची छोटी डबी ठेवते, ते त्यातला तुकडा देतात.

नारळी पौर्णिमा होऊन गेली

मासे परत सुरू, बाजारात आणि काजूच्या ताटात. बांगडे, तारले, ह्यात ओमेगा-३ भरपूर आणि कातडीची जळजळ त्याने थोडी कमी होते, पण आज दिलं उद्या फरक असं नाही, दोनतीन महिने धरून चालायचं. आणि औषधाची जागा घेत नाही, औषध कमी लागतं एवढंच. मासा ताजाच हवा. शुक्रवारी म्हापशाला दुपारी उशिरा गेले तर एकीने स्वस्तात बांगडे देऊ केले, डोळे आत गेलेले, नुसत्या टोपलीत, बर्फ नाही. नाही घेतले. बांगडा बर्फाशिवाय राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, म्हणजे खाज सुटवणारं तेच रसायन, आणि ते उकळून पण जात नाही. सकाळचे घेतले, साफ करून नुसते पाण्यात उकडले, काटे हाताने काढले, एकेक. आमच्यासाठी कधी एवढं केलं नव्हतं असं नवरा म्हणाला, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मासे पचले. पुरळ नाही.

चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर

आता खरी परीक्षा, सगळं कुटुंब घरी, पोरं हातात नेवरी (करंजी) घेऊन अंगणभर पळणार. नेवरीला वरून मैदा-रवा आणि आमच्याकडच्या सारणात मनुका, म्हणजे काजूसाठी दोन्हीकडून संकट. सासूबाईंनी ह्या वेळी सारणात मनुका घालायच्याच नाहीत असं परस्पर ठरवून टाकलं, मोठ्या जावेने तोंड वाकडं केलं, पण त्या ऐकेनात. पोरांना त्याला भरवायचंच असतं म्हणून रताळ्याच्या चकत्या करून ठेवल्यात, पावसात वाळल्या नाहीत म्हणून कोरड्या तव्यावर भाजल्या, काही करपल्या, त्या मीच खाल्ल्या.

डावा कान अजून अधूनमधून झटकतो. थेंब चालू आहेत, डॉक्टरांनी चवथीनंतर दाखवायला बोलावलंय.