व्हीललॉक होतं, पण बॉक्समध्ये

मी इंग्लंडमध्ये कॅरावान चोरीचे क्लेम तपासतो. कॅरावान म्हणजे कारच्या मागे जोडून ओढायचं घर. इथे तिला स्वतःचा रजिस्ट्रेशन नंबर नसतो, जी कार ओढते तिचाच नंबर मागे लावायचा, म्हणजे चोराने आपली गाडी जोडून आपली प्लेट लावली की रस्त्यात कोणाला संशय यायचं काही कारणच उरत नाही. इतकी वर्षं झाली तरी मला ही पद्धत पटलेली नाही.

ही केस मागच्या महिन्यातली आणि डोक्यातून जात नाहीये. चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, त्यांची बायको, एका बाजूला दोन-दोन चाकं असलेली 28 हजार पौंडांची ट्विन ॲक्सल कॅरावान. रात्री घरासमोरून गेली. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं: ग्राइंडरने हिचलॉक, म्हणजे कारला जोडायच्या भागावरचं कुलूप, कापलं, पिकअप जोडली, निघाले. चार मिनिटं! पोलिसांनी फोनवर क्राइम नंबर (तक्रारीचा नंबर) दिला, त्यापुढे काही नाही.

पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय, हिचलॉक हवं आणि दोन्ही ॲक्सलला व्हीललॉक हवं. मी विचारलं तर आजोबांनी गॅरेजमधून बॉक्स आणला. एक लॉक वापरून घासलेलं, दुसरं अजून प्लॅस्टिकमध्ये.

आता हे लॉक नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच अडलंय. जाड पोलादी तुकडा चाकाच्या दोन आऱ्यांमधून आत घालून मागच्या चेसिसवरच्या भोकात बोल्टने कसायचा, वर कुलूप. फार भारी वस्तू आहे, ग्राइंडरवाल्यालाही वेळ लागतो. पण आऱ्यांमधली फट बरोबर त्या भोकासमोर थांबली तरच बसतं. एक चाक पुढेमागे करून जुळवता येतं, पण ते जुळलं की दुसरं हमखास चुकलेलं असतं, मग तिथे जॅक लावून चाक जमिनीपासून उचलायचं आणि हाताने फिरवायचं. आजोबांचा गुडघा बदललेला. दोन-तीनदा प्रयत्न केला, जमेना, मग पहिलंही लावायचं सोडून दिलं. डीलरने गाडी देताना टीव्ही, मायक्रोवेव्ह सगळं दाखवलं म्हणे, जॅक कुठे लावायचा ते नाही. ह्या डीलर लोकांचा मला खरंच राग येतो.

वर कॅरावानचं सर्टिफिकेट कॅरावानच्याच ड्रॉवरमध्ये! चोराच्या हातात कागदासकट गाडी. टीव्ही, ऑनिंग (बाहेर लावायचा तंबू), गाद्या सगळं आतच. मी प्रत्येकाला सांगतो, सामान घरात आणा, पडदे आणि कपाटांची दारं उघडी ठेवा, आत काही नाही हे बाहेरून दिसू दे. सीटच्या गाद्यासुद्धा चोरीला जातात हे कोणाला खरंच वाटत नाही.

पाच आठवड्यांनी कॅरावान सापडली. चेसिसवरचा 17 आकडी नंबर ग्राइंडरने उडवलेला, खिडक्यांच्या काचांवर कोरलेला तोच नंबर खरवडलेला, फक्त एका छोट्या खिडकीवर शेवटचे तीन आकडे बोटाला लागत होते. मग बॉडीत लपवलेल्या चिपवर रीडर धरला आणि पूर्ण नंबर आला. आत मात्र एकही गादी नाही, ड्रॉवर मोकळे.

रिपोर्टमध्ये मला लिहावंच लागलं, "व्हीललॉक उपलब्ध, बसवलेलं नव्हतं." खरं तेच आहे. पण मग मी यार्डातच त्याच कॅरावानला आजोबांची दोन्ही लॉकं स्वतः लावून बघितली. वय एक्केचाळीस, गुडघे ठणठणीत, रोजचं काम, तरी डांबरावर आडवा पडून पंचवीस मिनिटं लागली. तेही रिपोर्टमध्ये टाकलं, मिनिटांसकट, आजोबांच्या गुडघ्यासकट. मॅनेजर म्हणाला, हा परिच्छेद काढ, लॉक लावलं होतं की नाही एवढंच बघायचंय. मी काढला नाही. निकाल अजून आलेला नाही, आजोबा दर सोमवारी फोन करतात.