सुट्ट्या पैशांत आलेला ससा

इंग्लंडमध्ये राहायला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झाले होते. एका शनिवारी बेकरीत पाव घेतल्यावर परत मिळालेल्या सुट्ट्या पैशांत पन्नास पेन्सचे एक नाणे आले आणि त्यावर चक्क पीटर रॅबिट, म्हणजे मुलांच्या इंग्रजी गोष्टींतला ससा होता. माझ्या लेकीने ते मुठीत धरले, ते घरी पोहोचेपर्यंत सोडले नाही.

पीटरच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिॲट्रिक्स पॉटर यांच्या जन्माला १५० वर्षे झाली, त्या निमित्ताने रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, २०१६ मध्ये ही नाणी पाडली. चित्रे एमा नोबल यांची आहेत. सातकोनी नाण्याच्या एका बाजूला राणी एलिझाबेथ आणि दुसऱ्या बाजूला ससा किंवा पॉटर यांच्याच गोष्टीतली टोपडे घातलेली जेमायमा बदकीण, ही जोडी मला आजही विलक्षण वाटते. जेमायमाची केवळ २१ लाख नाणी चलनात आली, त्यामुळे ती हाती लागायला मला तीन वर्षे वाट पाहावी लागली. पैसे मोजून ती केव्हाही घेता आली असती, पण मला ती व्यवहारातूनच यायला हवी होती.

हा हट्ट बहुधा बाबांकडून आला असावा. १९६४ मध्ये निघालेले नेहरूंचे रुपयाचे नाणे त्यांना किराणा दुकानात मिळाले होते आणि ते त्यांनी जन्मभर जपले.

कथेतील पात्र वस्तूंवर वापरण्याचे परवाने आज सर्रास दिले जातात; पॉटरबाईंनी मात्र १९०३ मध्येच पीटरची बाहुली स्वतः शिवून पेटंट कार्यालयात तिची नोंदणी केली होती. हे वाचल्यापासून त्या नाण्याकडे मी अधिक आदराने पाहते.

प्रशांत महासागरातील निउए या चिमुकल्या देशाच्या नावाने मिकी माउसची आणि स्टार वॉर्समधील पात्रांची चांदीची नाणी निघतात. त्यांच्यावर न्यूझीलंड डॉलरमधील मूल्य असते आणि कायद्याने ती चलनही ठरतात, परंतु त्यांतील चांदीच त्या मूल्याहून कितीतरी महाग असल्याने ती डबीतून बाहेर पडत नाहीत. त्यांची कारागिरी सुंदर असते, हे मी मनापासून मान्य करते; तरीही ज्या नाण्याने कोणी कधी पाव घेतला नाही, ते मला अपुरे वाटते.

म्हणूनच पीटरचे दुसरे नाणे आले, तेव्हा लेकीला विचारून आम्ही ते त्याच बेकरीत देऊन आलो.