बेलीझमध्ये एक दिवस, जहाजाच्या घड्याळाने

सकाळी सातला डेकवर गेलो तेव्हा आईने विचारलं, "अरे, देश कुठाय?" समोर नुसतं फिकट हिरवं पाणी, त्यात चारदोन खारफुटीची बेटं आणि क्षितिजावर एक राखाडी रेघ. ती रेघ म्हणजे बेलीझ सिटी, मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाचं सगळ्यात मोठं शहर. तिथला समुद्र इतका उथळ आहे की मोठ्या जहाजांना धक्क्याला लागताच येत नाही. काही मैल आधीच नांगर टाकायचा आणि तिथून स्थानिक मोटरबोटींनी माणसं किनाऱ्यावर न्यायची. या बोटींना टेंडर म्हणतात. बेलीझचा दिवस आखताना खरी गोची या टेंडरचीच असते, पण निघण्यापूर्वी आम्हाला ते कोणी बोललं नव्हतं.

आम्ही पाच जण होतो : मी, बायको, पंचाहत्तरीची आई, पुतण्या आणि त्याची बायको. फेब्रुवारीत फ्लोरिडाहून निघून पश्चिम कॅरिबियनमधली चार बंदरं करून परत, असा सात रात्रींचा बेत होता. मी नेहमीप्रमाणे एक्सेलची शीट केली होती. बेलीझच्या रकान्यात माया लोकांचं मंदिर, गुहेतल्या नदीत टायरवर तरंगणं आणि प्रवाळात स्नॉर्केलिंग, अशा तीन गोष्टी होत्या. आज ती शीट बघून हसू येतं. जहाज नऊ तास थांबणार असं छापलेलं असतं. त्यातून टेंडरची रांग, बोटीतली वीसेक मिनिटं, तेवढाच वेळ परतीला, शिवाय शेवटची बोट जहाज सुटण्याच्या तासभर आधी, हे सगळं वजा केलं की हातात जेमतेम सहा तास राहतात. सहा तासांत एकच गोष्ट नीट होते. जहाजात शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने दोन करायचं ठरवलं होतं. संध्याकाळी त्यांना विचारलं, तर व्हॅनच्या खिडकीचं वर्णन फार छान केलं त्यांनी.

एक काय करायचं हे ठरवताना नकाशावर बेलीझ किती छोटा दिसतो त्याला भुलू नका. जेमतेम चार लाखांच्या वस्तीचा देश, पण बघण्यासारख्या जागा एकीकडे नाहीत. उंच, देखणं मंदिर हवं तर शुनानतुनिच. तिथलं एल कास्तिय्यो चाळीसेक मीटर उंच आहे आणि तिथे जाताना मोपान नदी हाताने फिरवायच्या तराफ्यावरून ओलांडावी लागते, गाडीसकट. पण ते पार ग्वातेमालाच्या सरहद्दीजवळ. जाऊन येऊन होतं, पण घड्याळ बघत. लामानाई या दुसऱ्या माया नगराला नदीतून बोटीने जायचं. तो प्रवास सुंदर आहे असं म्हणतात, पण लांबचा. आम्ही जवळचं 'आलतुन हा' नावाचं माया नगर घेतलं, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. आईच्या गुडघ्यांचं आणि माझ्या काळजीखोर स्वभावाचं एकमत झालं. पुतण्या आणि सुनेने गुहा निवडली.

सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून? जहाजाची महाग, बस मोठी, पण दोन फायदे : त्या लोकांना टेंडरमध्ये आधी सोडतात आणि बस उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेरच्या गाडीवाल्यासाठी जहाज थांबत नाही, ही गोष्ट स्वतःला दोनदा सांगून मगच पैसे वाचवा. आम्ही बाहेरची छोटी व्हॅन घेतली होती. बुक करताना एकच गोष्ट लिहून मागितली : जहाजाने बंदर रद्द केलं तर पैसे परत. वारा जोरात असेल तर टेंडर चालत नाहीत आणि जहाज बेलीझ सोडून सरळ पुढे जातं. हे क्वचित घडणारं नाही. आई आदल्या रात्री झोपण्यापूर्वी वाऱ्याची चौकशी करत होती ती उगाच नाही. चालायला त्रास असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जहाजाच्या पोटातल्या दारातून हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. दोन खलाशी दंडाला धरून घेतात, आईला तर त्यांनी अलगद उचललंच, पण व्हीलचेअरवाल्यांना समुद्र बघून ऐन वेळी नाही म्हणू शकतात.

आमच्या हातात भारतीय पासपोर्ट. जहाज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येतं, म्हणून अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. बेलीझ आणि वाटेतल्या इतर देशांबद्दल क्रूझ कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या. एजंटच्या तोंडी "काही लागत नाही"वर जाऊ नका.

बोट लागते ती क्रूझवाल्यांसाठीच बांधलेल्या कुंपणाच्या आवारात. दागिने, टीशर्ट, तिखट सॉस, वेण्या घालून देणाऱ्या बायका असं सगळं तिथे आहे. टीशर्टांवर देशाच्या नावाच्या कोट्या, त्याही सगळ्या दुकानांत त्याच. आम्ही तिथून सरळ बाहेर पडलो. फाटकाबाहेर टॅक्सीवाले घेरतात, पण "नको, थँक्यू" म्हटलं की हसून सोडून देतात. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट हिरवी असते. भाव आधी ठरवा, आणि ठरवताना विचारा की अमेरिकन डॉलर की बेलीझ डॉलर. दोघांचं चिन्ह सारखंच, आणि एका अमेरिकन डॉलरला दोन बेलीझ डॉलर हा ठरलेला दर आहे, म्हणजे न विचारता बसलात तर रक्कम थेट दुप्पट होऊ शकते. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, सुटे मात्र बेलीझच्या नोटांत परत मिळतात. ते तिथेच संपवा, पुढच्या बंदरात त्यांचं काही होत नाही.

आणखी एक, पैशाहून महत्त्वाचं. इथे आधी "गुड मॉर्निंग" म्हणायचं, मग काम सांगायचं. मी पहिल्याच दुकानात थेट "पाणी कितीला?" विचारलं. बाईंनी माझ्याकडे बघून शांतपणे "गुड मॉर्निंग" म्हटलं, मी ओशाळून परत "गुड मॉर्निंग" म्हटलं, मगच पाणी मिळालं. भाषेची अडचण नाही, कारण ही पूर्वीची ब्रिटिश होंडुरास, राजभाषा इंग्रजी. आपसात मात्र क्रिओल, म्हणजे इंग्रजीतून घडलेली बोली, चालते. ऐकताना कळल्यासारखी वाटते आणि कळत नाही.

आमचा गाइड पन्नाशीचा, भरपूर बोलणारा. आम्ही कुठले हे कळल्यावर म्हणाला, उत्तरेला कोरोझालकडे कलकत्ता नावाचं गाव आहे. आईला आधी ती थट्टा वाटली. पण खरंच आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तिकडे आहेत, नावं-आडनावं बरीच बदललेली. पुढचा अर्धा तास आई त्याला त्या गावातले लोक काय खातात हे विचारत राहिली.

मुख्य रस्ता सोडला की आलतुन हाला जाणारा जुना उत्तर रस्ता लागतो. अरुंद आणि खड्डे मोजू नये असा. पाठदुखीवाल्यांनी पुढची सीट मागून घ्यावी. नावाची गंमत गाइडने सांगितली : शेजारच्या गावाचं नाव रॉकस्टोन पाँड, त्याचंच माया भाषेत भाषांतर म्हणजे आलतुन हा. मूळ रहिवासी या नगराला काय म्हणत, ते कोणालाच ठाऊक नाही. जागा आटोपशीर आहे, दोन मोठी हिरवी चौकं आणि भोवती मंदिरं. सर्वात उंच मंदिर सोळा मीटरच्या आसपास. आई एका झाडाखाली बसली, आम्ही दोघं वर चढलो. वरून जंगलाशिवाय काही दिसत नाही, आणि तेच बघण्यासारखं आहे. याच मंदिरात 1968 साली डेव्हिड पेंडरगास्ट यांच्या उत्खननात सूर्यदेव किनिच आहाउचा जेडचा मुखवटा सापडला. मुखवटा म्हणण्यापेक्षा अख्खं डोकंच, एका दगडातून कोरलेलं, वजन 4.42 किलो. ते सेंट्रल बँकेच्या ताब्यात असतं, म्हणून इथे ते बघायला मिळेल या आशेने येऊ नका. मंदिराचं चित्र मात्र कुठेही दिसेल, कारण बेलिकिन बिअरच्या लेबलवर तेच आहे. गाइडने बाटली मंदिरासमोर धरून फोटो काढायला सांगितलं. काढला.

अकराच्या आधी पोचा, हे माझं ठाम मत. आम्ही असताना आवारात पंधरा-वीस माणसं होती, निघताना तीन मोठ्या बसा शिरत होत्या. पाणी, टोपी, डासांचं औषध हवंच.

गुहेचा वृत्तांत पुतण्याकडून. तासाभराहून अधिक गाडी, मग हेल्मेट, डोक्याला दिवा, काखेत टायरची ट्यूब घेऊन जंगलातून अर्धा तास चालत जायचं, मग केव्ज ब्रँच नदीतून तरंगत गुहांमधून परत. माया लोकांसाठी गुहा म्हणजे पाताळाचं, शिबाल्बाचं दार. गाइडने आत सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. "काका, डोळे उघडे की मिटलेले तेच कळेना," पुतण्या म्हणाला. सुनेची तक्रार एवढीच की चपला वाहून गेल्या. पाण्यातही पायात घट्ट राहतील असे बूट न्या. जोराचा पाऊस पडून गेला असेल तर नदी चढते आणि सहल बंद ठेवतात. पाऊस साधारण जून ते नोव्हेंबर, त्यातच वादळांचा मोसम. 1961 च्या हॅटी वादळाने शहराची इतकी वाताहत केली की राजधानीच आत बेल्मोपानला हलवली.

समुद्राचं आम्ही काहीच केलं नाही, याची रुखरुख आहे. बेलीझची प्रवाळभित्ती जगात दुसऱ्या क्रमांकाची मोठी, 1996 पासून जागतिक वारसा. ज्यांना पोहायचं आहे त्यांनी मंदिर, गुहा सगळं विसरून थेट पाण्यात जावं. ग्रेट ब्लू होल, म्हणजे समुद्रातला खोल गोल खड्डा, त्याचं फोटोतलं निळं रूप फक्त विमानातूनच दिसतं आणि बोटीने तिथे जायला पूर्ण दिवस लागतो. क्रूझच्या दिवशी करायचंच तर छोट्या विमानाची फेरी, तीही खिसा बघून. 'की कॉकर' नावाच्या बेटाला वॉटर टॅक्सीने पाऊणएक तास लागतो. वाळूचे रस्ते, गोल्फकार्ट, आणि जिकडेतिकडे 'हळू चला' हे बेटाचं ब्रीदवाक्य. जहाजाच्या घड्याळाला बांधलेल्या माणसाने ते वाचून चिडू नये. प्रवाळ, कासवाच्या कवचाच्या वस्तू विकत घेऊ नका. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट बरा.

दुपारी शहरात परतलो आणि राइस अँड बीन्स खाल्लं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात-राजमा एकत्र, सोबत चिकन. मेनूवर बीन्स अँड राइस दिसलं तर ते वेगळं, त्यात दोन्ही निरनिराळं येतं. आईसाठी चिकन काढून तळलेली केळी वाढवून मागितली, काही खळखळ न करता दिली. हाबानेरो मिरचीचं सॉस टेबलावर असतंच. आपल्याला तिखटाची सवय आहे, असं म्हणून चमचाभर घेऊ नका.

जेवून फोर्ट जॉर्जच्या टोकाला गेलो. चालत दहा मिनिटं, भर दुपारी निर्धोक वाटणारा भाग. पुलापलीकडच्या सेंट जॉन्स कॅथीड्रलला मात्र टॅक्सीने जावं, तिकडच्या गल्ल्यांत रेंगाळू नये असं गाइडनेच सांगितलं. टोकाला दीपस्तंभ आहे आणि त्याच्या पायथ्याशी बॅरन ब्लिसची कबर. हा इंग्रज गृहस्थ 1926 च्या जानेवारीत स्वतःच्या नौकेतून इथे आला, बंदरात नांगर टाकला, आजारी पडला आणि 9 मार्चला नौकेतच वारला. जमिनीवर पाऊल टाकलंच नाही. तरी बहुतेक सगळी संपत्ती या देशाच्या नावाने ठेवून गेला. "म्हणजे याला टेंडर मिळालीच नाही," बायको म्हणाली.

टेंडरवरून आठवलं. आमचं जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर चालत होतं, बेलीझचं घड्याळ त्याच्या एक तास मागे. उन्हाळ्यात हा फरक दोन तासांचा होतो, कारण बेलीझमध्ये घड्याळं पुढेमागे करत नाहीत. शेवटची बोट चारला, म्हणजे जहाजाच्या चारला, किनाऱ्यावरच्या तीनला. पुतण्याच्या मोबाइलने उतरल्या उतरल्या आपली वेळ आपोआप बदलून घेतली होती आणि तो खुशीत होता की तास शिल्लक आहे. तीनला दहा मिनिटं असताना आम्ही धक्क्यावर उभे, त्या दोघांचा पत्ता नाही, फोन लागत नाही. आईने बोटीच्या माणसाशी काय बोलणं केलं माहीत नाही, मराठीतच बोलत होती, पण तो दोर हातात धरून उभा राहिला. तीनला दोन मिनिटं असताना दोघं पळत आले, सून अनवाणी.

एक साधं, काट्यांचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून मनगटावर बांधा आणि त्याला हात लावू नका.