नागपूरहून पाण्याखालच्या दगडांकडे

मला मासे बघायचे नव्हते, दगड बघायचे होते. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८०च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात केलेल्या शोधाबद्दल वाचलं, तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं. घडीव दगड, आणि तीन भोकांचे दगडी नांगर: वरच्या भोकात दोर, खालच्या दोनांत लाकडी खुंट. ते श्रीकृष्णाच्याच द्वारकेचे का, हा वाद चालू राहील. मला नांगरांचंच जास्त अप्रूप, कारण नांगर आहेत म्हणजे जहाजं येत होती. म्हणून मी स्कूबा डाइव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, शिकायचं ठरवलं.

आता नागपूर म्हणजे समुद्राशी काही संबंध नसलेलं गाव. मामा म्हणाले, “काहून वं, अंबाझरी तलावात जागा नाही का?” आईला वाटलं पाठीवर ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन जाणार. ऑक्सिजन नसतो हो, साधी हवाच दाबून भरलेली असते, हे मी अजूनही लोकांना सांगत असते.

सुरुवात कागदांपासून झाली. आरोग्याच्या फॉर्मवर दमा, हृदय, कान, सायनस सगळं विचारतात, आणि काही उत्तरं ‘हो’ आली की डॉक्टरांची सही लागते. माझा सायनस जुना, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून होकार दिला, पण सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही असं बजावलं. खाली जाताना नाक दाबून कानांत हवा ढकलावी लागते, नाक चोंदलं असेल तर ते होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते.

मग शहरातल्या एका पूलवर सराव. २०० मीटर न थांबता पोहायचं, दहा मिनिटं तरंगायचं, हे सोपं गेलं. मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं, हे अजिबात नाही. डोळ्यांसमोर पाणी आलं की शरीर वर पळायला बघतं, आणि तिथेच धोका. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर छातीतली हवा फुगून दुप्पट व्हायला बघते. म्हणून पहिला नियम: श्वास कधीच रोखायचा नाही, आणि वर यायचं ते सावकाश.

पण खरा वेळ गेला तो स्थिर राहण्यात. श्वास घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली. हात न हलवता, तळाला न टेकता, आडवं लटकून राहायचं. मला वाटायचं, दगड बघायला खोल जाता आलं पाहिजे. आमचे डाइव्हिंग शिकवणारे सर म्हणाले, “खोलीचं सोडा, आधी पाय आवरा.” आमच्या कूलरच्या टाकीत हात घातला की तळाचा गाळ कसा उठतो, तसा पायातल्या एका फिनच्या (पोहायच्या पंखाच्या) फटकाऱ्याने समुद्राचा तळ उठतो. मग नांगर नाकासमोर असला तरी दिसत नाही, आणि लाथ लागली तर शेकडो वर्षं पडून असलेली वस्तू हलते ते वेगळंच.

समुद्रातले डाइव्ह मालवणजवळच्या तारकर्लीला केले. नागपूर-मडगाव गाडीने कुडाळ, तिथून एसटी. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, त्यामुळे खाली जायला पूलपेक्षा जास्त शिशाची वजनं कमरेला. लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो हे वाचलेलं होतं, तरी स्वतःची लाल नेलपॉलिश काळपट झालेली बघून मी तोंडातल्या रेग्युलेटरमध्येच (श्वासाच्या नळीत) हसले. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, मग वर. परतताना लगेच विमान नको, आणि आंबोली घाटही त्याच दिवशी चढू नका, असं सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात.

या पहिल्या कोर्सनंतर मिळणाऱ्या ओपन वॉटर कार्डावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. द्वारकेचे ते अवशेष त्यापेक्षा बरेच उथळ आहेत, तरी कार्ड हातात आलं म्हणून तिथे उतरता येत नाही. पाणी गढूळ, भरती-ओहोटीची ओढ, आणि उत्खनन हे पुरातत्त्व खात्याचं काम. २०२५मध्ये खात्याचं पथक पुन्हा तिथे उतरलं, ती बातमी मी किती वेळा वाचली असेल!

मित्र विचारतात, एवढं लांब कशाला, पेंच नदीवरच्या तोतलाडोहच्या धरणाखालीही गाव बुडालंय ना? परवानगीचा प्रश्न आहेच. शिवाय समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर डाइव्हिंगचे हिशेब बदलतात, आणि आपलं नागपूरच सुमारे ३१० मीटरवर, पेंच त्याहून वर. गाळ, बुडालेली झाडं, मासेमारीची जाळी यांत नवख्याने जायचं नाही, एवढं मला आता कळतं.

पुढचा कोर्स नॅव्हिगेशनचा करायचा आहे, होकायंत्र धरून गढूळ पाण्यात वाट काढायचा. पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंदच असतो, म्हणून दिवाळीनंतरची तिकिटं बघतेय. कन्फर्म मिळत नाहीयेत, वेटिंगवर नाव टाकलंय.