बांधलेलं इंजिन : नागपूर ते कळंबची पांदण

भावजींच्या बोलेरोचं इंजिन नागपूरला बांधून तयार झालं आणि गावी आणायचं काम माझ्याकडे आलं. बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब हा रस्ता चांगला. शेवटचे चार किलोमीटर मात्र पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, आणि नुकताच पाऊस होऊन गेलेला.

गॅरेजात चेनकुप्पीनं (साखळीनं ओझं उचलायची कप्पी) उचलताना साखळी आखूड पडली. तिचे दोन पदर इतके फाकले की एक टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर, रुतायला लागला. मिस्त्रींनी लगेच खाली घेऊन लांब साखळी लावली. दोन पदरांमधला कोन १२० अंश झाला की एकेका पदरावर इंजिनाचं पूर्ण वजन येतं. ६० अंशांच्या आत ठेवा. साखळी इंजिन उचलण्यासाठी दिलेल्या कड्यांतच अडकवा. मॅनिफोल्ड, टर्बो, नोझलचे पाइप यांना ती लागूसुद्धा देऊ नका.

ऑइल काढलेलंच होतं. छोट्या हत्तीत (छोटा टेम्पो) इंजिन चेंबरवर, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीवर, टेकवलं नाही. चेंबरचा पत्रा दबला तर आतली ऑइल ओढणारी जाळी अडते आणि नवं बांधलेलं इंजिन कोरडं चालतं. म्हणून बाभळीच्या लाकडाची चौकट केली, सगळा भार माउंटिंगच्या ब्रॅकेटांवर (ज्यांवर इंजिन गाडीत बसतं) घेतला आणि चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे खाली खेचून बांधले. उघडी तोंडं लाल फडक्यांनी बंद केली, वरून टेप.

देवळीला चहाला थांबलो, पट्टे चाचपले. दोन ढिले! धक्क्यांनी लाकूड बसलं होतं. पहिल्या पंचवीसेक किलोमीटरांतच एकदा थांबून बघा, आम्ही उशीर केला.

गावात बोअरची मोटर काढायची तीन पायांची घोडी आणली. कुप्पीला ताण देताच काळ्या मातीत तिचा एक पाय वीतभर खचला. काका ओरडले, "अरे, आधी पाय बसव, मग ओढ ना बाप्पा!" तिन्ही पायांखाली जाड फळ्या घातल्या, पाय फाकू नयेत म्हणून खालून साखळीनं एकमेकांना बांधले. मग इंजिन फक्त चार बोटं उचललं, गाडी खालून पुढे काढली, आणि लगेच चौकटीवर उतरवलं. लटकत्या इंजिनाखाली कुणाचाही हात जाऊ दिला नाही. पोरांना पार गोठ्यापलीकडे उभं केलं.

रात्री ताडपत्री टाकली. सकाळी फडकी मोजून काढली. सात लावली होती, सात निघाली.