उरलेली रिंग

रविवार, रात्रीचे साडेअकरा

तीनदा साबण लावला तरी ट्रान्समिशन ऑइलचा वास हातावरून जात नाही. आता वहीलाही लागणार.

काल संध्याकाळी मस्टँगच्या सी-फोरचा, म्हणजे तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, शेवटचा बोल्ट आवळला. सात आठवडे गॅरेजभर पसरलेलं ते धूड एकदाचं एकसंध दिसत होतं. फोटो काढला. बाक पुसायला घेतलं, तर सुटे भाग ठेवायच्या मफिनच्या ट्रेमागे एक काळी रबरी रिंग. कोरी. चार आण्याच्या नाण्याएवढी.

पोटात खड्डा पडला. पहिला विचार एकच, आणि तोही असा पटकन आला, जणू दाराशी उभाच होता: विसरलास.

खरं तर डोकं ठिकाणावर असतं तर तिथेच थांबलो असतो. बंद करण्याआधी दोन्ही क्लचना कॉम्प्रेसरची हवा मारून पाहिली होती. दोन्ही वेळा आतून ठक् असा आवाज आला. आतलं सील राहिलं असतं तर ठक् कुठलं, नुसतंच फुस्स. हे मला माहीत होतं. माहीत असून अकरा वाजता तळाचं पॅन उघडायला बसलो.

अप्पा डेपोतल्या गाड्यांचे नट जुन्या 'सकाळ'वर ओळीने मांडायचे. जेवढं काढलं तेवढंच आत गेलं पाहिजे. एक जरी उरला तर पुन्हा सगळं खाली. मी काल तेच केलं, फरक इतकाच की अप्पांच्या ओळीत कधी काही उरलेलं मी पाहिलं नाही.

पॅन, गिअर बदलायला तेल फिरवणारी व्हॉल्व्ह बॉडी, पंप, मग ड्रम. व्हॅसलिनने चिकटवलेले थ्रस्ट वॉशर नखाने एकेक सोडवले. एक नंबर, दोन नंबर, प्रत्येक आपापल्या जागी, प्रत्येकाखाली व्हॅसलिनचा पिवळट ठसा. फॉरवर्ड क्लचच्या सीलची कड कुठे दुमडलीय का म्हणून टॉर्च लावून बघितलं. नव्हती. पहाटे तीनपर्यंत मी माझी चूक शोधत होतो आणि ती सापडेना. ती सापडली नाही याचा मला राग आला, हे लिहितानाही लाज वाटते.

गेल्या दोन महिन्यांत हे असंच चाललंय. त्या सोमवारनंतर. ऑफिसातही नोकरी गेल्याचं सगळ्यांना एकदमच सांगितलं होतं, यादीत अख्खा मजला होता, आणि तरी पार्किंगमध्ये गाडीत बसून मी गेल्या वर्षीचे माझे ईमेल वाचत होतो, कुठे चुकलो ते बघायला. जाऊ दे.

सकाळी अरुणा रद्दी उचलायला गॅरेजमध्ये आली. सील-गास्केटांच्या किटचं पाकीट हातात घेऊन चष्मा वर करून वाचायला लागली. "अरे, हे 1964 ते 69, सगळ्या सालांचं आहे. तुझी 67ची ना?"

हो. 1967 साली फोर्डने आतली व्हॉल्व्ह बॉडी बदलली, त्यामुळे किटमध्ये जुन्या-नव्या दोन्हींची गास्केटं येतात. इतर सालांच्या रिंगाही. उरणारच. व्हॉल्व्ह बॉडीचं जास्तीचं गास्केट मी स्वतः पहिल्याच दिवशी बाजूला काढलं होतं, न घाबरता. मग रिंगेने काय घोडं मारलं होतं?

गास्केट मी उरवलं होतं. रिंग आपोआप उरली होती. एवढाच काय तो फरक असावा. नीटसं कळत नाही.

असो. दुपारी पुन्हा जुळवायला घेतलं. हात आता सरावलेत, पहिल्यांदा चार दिवस लागले ते चार तासांत होत आलं होतं. ड्रमला आवळून धरणाऱ्या पुढच्या बँडचा, म्हणजे पट्ट्याचा, स्क्रू 10 फूट-पाउंडला आवळायचा आणि मग पावणेदोन फेरे सैल सोडायचा, मागच्याचा तीन फेरे. हे मला फार आवडतं. पूर्ण आवळून ठेवलं की बँड जळतो. आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घसरायची ती याच पुढच्या बँडपायी, कोळशासारखा काळा निघाला होता.

पण बँडपर्यंत पोचलोच नाही. रात्रीच्या उघडाउघडीत पंपाचं कोरं गास्केट फाटलं होतं. आता नवीन मागवलंय. गास्केट सहा डॉलर, पाठवणावळ अकरा. गुरुवारी येईल. ऑगस्टमध्ये वुडवर्डवर, जुन्या गाड्यांच्या फेरीत, गाडी काढायची आहे म्हणजे चार दिवसांनी काही बिघडत नाही, आणि तसंही सहा सिलिंडरच्या मस्टँगकडे तिथले व्ही-एटवाले लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात.

अरुणाला मफिनचा ट्रे परत हवा होता. गरम पाण्याने दोनदा धुऊन दिला. तिने वास घेतला आणि नवीन आणायला सांगितला.